पाणबुड्यांच्या मानेवरचा भार

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात 'मुंबई हाय'चे तेलफलाट उभे आहेत. तिथल्या पाइपलाइनी तपासायला, जोडकाम करायला डायव्हर तळाशी उतरतात. अशी नोकरी वर्षानुवर्षं केलेल्या माणसाची पाठ धरली, की पहिला संशय जातो पाण्याच्या दाबावर. पण मणक्यांमधली गादी बरीचशी पाण्याचीच बनलेली. चहूबाजूंनी सारखा दाब आला म्हणून ती चिरडत नाही. उलट पाणी अंग उचलून धरतं, त्यामुळे कण्याला विसावाच मिळतो.

संशय घ्यायचाच तर नायट्रोजनवर घ्यावा. रक्तवाहिन्यांवाचून जगणारा शरीरातला सर्वांत मोठा भाग म्हणजे ही गादी. तिचं पोषण वरच्या-खालच्या मणक्यांकडून झिरपत येतं. खोल पाण्यात नायट्रोजनही त्याच वाटेनं आत मुरतो आणि निघतानाही तितकाच रेंगाळतो. वर येताना दाब घटला, की या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. अशा बुडबुड्यांमुळे खांद्याचं, खुब्याचं हाड मृत झाल्याची उदाहरणं वैद्यकाला चांगली ठाऊक आहेत. गादीबद्दलचा पुरावा मात्र तेवढा पक्का नाही. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये जर्मन संशोधकांनी ५२ हौशी डायव्हर आणि इतर खेळांतले ५० जण यांचे एमआरआय ताडून पाहिले. मानेतल्या गाद्यांची झीज डायव्हरांमध्ये जास्त निघाली. त्यावरून बुडबुडेच दोषी ठरत नाहीत. (झिजलेल्या गादीत सीटी स्कॅनवर वायूची पोकळी दिसते, त्या वायूत नव्वद टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो, पण ती समुद्र कधी न पाहिलेल्या आजोबांच्या कमरेतही सापडते.)

मानेत ही झीज का, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पालथं पोहताना समोर बघायचं तर मान सतत मागे मोडावी लागते. व्यावसायिक डायव्हरचं हेल्मेट तर तेरा-चौदा किलोंच्या घरात असतं. पाण्यात ते जाणवतही नाही. पण डेकवर पाळीची वाट बघताना आणि ओल्या शिडीवरून वर चढताना ते सगळं मानेवरच येतं, शिवाय पाठीला आणीबाणीचा सिलिंडर. माझा कौल या डेकवरच्या वेळाकडे झुकतो.

खरी पंचाईत निदानात होते. वर आल्यावर पाय बधिर झाला, लघवी अडली, तर गादी सरकली की मज्जारज्जूत बुडबुडे झाले? लक्षणं सारखीच. अशा वेळी डॉक्टर बुडबुडेच गृहीत धरतात आणि एमआरआयसाठी न थांबता रुग्णाला दाबकक्षात घालून ऑक्सिजन सुरू करतात. म्हणूनच कमरेचं जुनं दुखणं डायव्हरच्या वैद्यकीय फायलीत आधीच नोंदलेलं असावं लागतं. नवी बधिरता कोणती, हे त्यावरूनच ताडता येतं.