निवडणुकीची वही

सभेंतल्या टाळ्या सर्वांना ऐकूं येतात. परंतु निवडणुकीचें बरेंच काम वहींत चालतें. आपला मतदार कोण, त्याच्या दारीं कोण गेलें होतें, तो काय म्हणाला, आणि मतदानाच्या दिवशीं तो केंद्रावर आला कीं नाहीं, ह्याची नोंद म्हणजे ही वही. पूर्वीं ती कागदाची असे; आतां ती संगणकांत असते. अशीं साधनें बाजारांत पुष्कळ आहेत. त्यांतून निवड कशी करावी, हें अमेरिकेंतील कांहीं प्रसंगांवरून चांगलें समजतें.

२००८ सालीं बराक ओबामा ह्यांच्या कार्यकर्त्यांनीं ‘हुडिनी’ नांवाची योजना आखली. मत देऊन गेलेल्या मतदाराचा क्रमांक केंद्रावरील स्वयंसेवकानें टेलिफोननें कळवावा, म्हणजे तें नांव यादींतून नाहींसें होईल, आणि उरलेल्यांकडे माणसें धाडतां येतील. हुडिनी हा प्रसिद्ध जादूगार. त्यावरूनच हें नांव. परंतु मतदानाच्या दिवशींच टेलिफोन तुंबले आणि योजना कोलमडली. निवडणूक जिंकली, तरी तो धडा ते लोक विसरले नाहींत.

२०१२ सालीं त्यांनीं ‘नारव्हाल’ उभें केलें. घरोघर फिरणाऱ्यांची यादी एक, देणगीदारांची दुसरी, स्वयंसेवकांची तिसरी, हा गोंधळ मोडून एका माणसाची सारी माहिती एकत्र आणावी, हा त्याचा हेतु. पुढें ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्याच यंत्रणेचे भाग मुद्दाम बंद पाडून दुरुस्तीची तालीम केली.

विरुद्ध पक्षाचे उमेदवार मिट रॉम्नी ह्यांच्या यंत्रणेचें नांव ‘ऑर्का’. ऑर्का हा नारव्हालची शिकार करणारा जलचर. ३०,००० हून अधिक स्वयंसेवकांनीं केंद्रांवरून फोनद्वारां नोंदी पाठवावयाच्या होत्या. पण ६ नोव्हेंबर २०१२ रोजीं कित्येकांचे सांकेतिक क्रमांक चालेनात. तें एक संकेतस्थळ होतें, तरी पुष्कळ जण फोनवर त्याचें ॲप शोधीत बसले. बोस्टन येथील मुख्य ठाण्यावर एकाएकीं आलेला भार यंत्रणेला पेलला नाहीं. रॉम्नी ह्यांचा पराभव केवळ ह्यामुळें झाला, असें म्हणतां येत नाहीं. परंतु हजारों माणसांचा एक मोलाचा दिवस वायां गेला.

दुसरा प्रश्न किल्लीचा. डिसेंबर २०१५ मध्यें डेमोक्रॅटिक पक्षाच्या सामाईक मतदार-नोंदींतील आडपडदा एका दोषामुळें क्षणभर दूर झाला, आणि बर्नी सँडर्स ह्यांच्या कांहीं कर्मचाऱ्यांनीं हिलरी क्लिंटन ह्यांच्या याद्या उघडून पाहिल्या. पक्षानें सँडर्स ह्यांना नोंदींची वाट बंद केली. त्यांनीं दावा लावला, तेव्हां लवकरच ती पुन्हां खुली झाली. आयोवांतील पहिली निवड दीड महिन्यावर आली असतांना, स्वतः जमविलेली माहितीहि त्यांना क्षणभर परकी झाली.

तात्पर्य, साधन घेतांना त्याच्या गुणांची जाहिरात वाचून भागत नाहीं. शेवटच्या केंद्रावरील साध्या स्वयंसेवकाला तें आठवडाभर आधीं वापरतां येतें काय? तें बंद पडल्यास कागदाची यादी हाताशीं आहे काय? आपल्या नोंदी आपणांस केव्हांहि काढून घेतां येतात काय, आणि परक्याला त्या दिसत नाहींत ना? वहींतील प्रत्येक ओळीमागें विश्वासानें दार उघडणारा एक मनुष्य असतो. त्याची ठेव सांभाळील, तेंच साधन घ्यावें.