ग्रंथपालबाईंची नवी विद्या

पुस्तकांच्या कपाटाची किल्ली जानव्यास बांधून बसणारे ग्रंथपाल आमच्या पिढीनें पाहिले आहेत. पुस्तक फाटूं नये, हरवूं नये, ही त्यांची अहोरात्र चिंता; तें वाचलें जावें ही चिंता क्वचितच आढळे. रंगनाथन् ह्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांत पहिला मान पुस्तकाच्या उपयोगास दिला आणि अखेरच्या सूत्रांत ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था मानली. सूत्रें पाठ करणें सोपें. परंतु पन्नाशी उलटल्यावर त्यांप्रमाणें वागणें किती कठिण, ह्याचें एक उदाहरण मीं नुकतेंच जवळून पाहिलें. तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

पालघर येथें मी निवृत्तीचे दिवस कंठीत आहें. येथील एका शाळेच्या ग्रंथपालबाई माझ्या जुन्या परिचयाच्या. त्यांचें अक्षर मोत्यासारखें, दाखल नोंदवही निष्कलंक. शाळेनें ग्रंथालयास संगणक दिला तेव्हां त्यांनीं त्यावर धुतलेलें स्वच्छ फडकें पांघरलें, आणि तें कित्येक महिने काढलें नाहीं. “गुरुजी, आपल्या हातून कांहीं बिघडलें तर? आणि मुलें हंसतील तें वेगळेंच,” असें त्या म्हणाल्या. खरी अडचण ह्या दुसऱ्या वाक्यांत होती. शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसास मुलांच्यादेखत चुकण्याचें भय फार. मलाहि तें आहे.

शेवटीं आठवींतील एका मुलीनेंच तें फडकें दूर केलें. तिनें बाईंस प्रथम बुक्स ह्या संस्थेनें २०१५ सालीं सुरू केलेलें ‘स्टोरीवीव्हर’ हें इंटरनेटवरील बालकथांचें भांडार दाखविलें. तेथील गोष्टी विनामूल्य वाचतां येतात. वाचनाच्या चार पायऱ्या पाडलेल्या असल्यामुळें लहान मुलास झेपेल ती गोष्ट चटकन् सांपडते. विशेष हा कीं, छापील पुस्तक बोलतें व आपण ऐकतों, परंतु येथें वाचकासहि बोलतां येतें. मूळ लेखकाचें व चित्रकाराचें नांव राखून एखादी गोष्ट दुसऱ्या भाषेंत उतरवावी, किंवा तेथील चित्रें घेऊन आपली स्वतःची रचावी, अशी मुभा आहे.

ती मुलगी वारली घरांतील. पुस्तकी मराठी शाळेंत, घरीं बोली निराळी. तिनें एक गोष्ट घरीं नेली, अक्षरओळख नसलेल्या आजीस वाचून दाखविली, आणि आजीनें आपल्या बोलींत ती पुन्हां सांगितली तशी वहींत उतरून आणली. बाईंनीं तिच्या शेजारीं बसून एकेक अक्षर शोधीत तो मजकूर संगणकावर घेतला. अर्धें पान होतें न होतें तोंच वीज गेली व सारें काम पुसलें गेलें. मुलगी हंसली, क्षणभरानें बाईहि हंसल्या, आणि इतके दिवसांचें भय तेथेंच संपलें. दुसऱ्या दिवशीं पुनश्च आरंभ झाला. गोष्ट पुरी होतांच ती छापून, दोऱ्यानें शिवून, बाईंनीं नोंदवहींत तिला रीतसर दाखल क्रमांक दिला. भाषांतरकाराच्या रकान्यांत नातीचें व आजीचें अशीं दोन्ही नांवें आहेत.

ह्या मुलखास हा मार्ग सर्वस्वीं नवा नाहीं. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. पुढें अनुताई वाघ ह्यांच्या साह्यानें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, आणि त्याच्या भोंवतालच्या पानाफुलांतून व शंखशिंपल्यांतून त्यास शिकवावें, हा त्यांचा बाणा. ग्रंथालयानें मुलाच्या घरच्या बोलीपर्यंत जाणें हें त्याच वाटेवरचें पुढचें पाऊल होय.

तथापि प्रत्येकास लिहितां येऊं लागलें म्हणजे खऱ्याखोट्याचा विवेक कोणीं करावयाचा, हा प्रश्न उरतोच. त्याचा धडा बाईंस लवकरच मिळाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. त्यांत बाईंनीं आपल्या गांवाविषयीं ऐकीव चार ओळी घातल्या. कोणा अनोळखी संपादकानें त्या काढून आधार मागितला. बाईंस तें लागलें. पण प्रत्येक लेखास ‘इतिहास’ व ‘चर्चा’ अशीं दोन पानें जोडलेलीं असतात. कोणी केव्हां काय बदललें व त्यावर कोणता वाद झाला, तें तेथें पाहतां येतें. तीं पानें वाचल्यावर मागणी रास्त होती हें त्यांस पटलें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर निराळा जिल्हा होईपर्यंत हा भाग ठाणें जिल्ह्यांत मोडे. म्हणून आम्हीं १८८२ सालचें ठाणें गॅझेटियर धुंडाळलें. तीन ओळींस आधार मिळाला, त्या पृष्ठांकासह पुन्हां गेल्या. चौथी बाईंनीं स्वतःच सोडून दिली. तेव्हांपासून त्या मुलांस विचारतात, “हें तुला कोठें मिळालें?” ग्रंथपालाच्या धर्माचें सार ह्या एका प्रश्नांत आहे, असें मला वाटतें.

मलाहि माझें काम सांपडलें. विकिस्रोत ह्या ग्रंथसंग्रहांत जुन्या पुस्तकाच्या पानाचें छायाचित्र एका बाजूस व त्याचा टंकित मजकूर दुसऱ्या बाजूस असतो. न तपासलेलें पान लाल, एकानें तपासलेलें पिवळें, आणि दुसऱ्या कोणीं पुन्हां तपासलें म्हणजे हिरवें. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें स्वामित्वहक्क राहतो; तो सरलेले ग्रंथ असे सर्वांस खुले करितां येतात. ह्रस्वदीर्घाच्या चुका काढण्यांत ज्याची हयात गेली त्या मास्तरास ह्याहून गोड काम कोणतें? बाई पिवळें करितात, मी हिरवें करितों.

आमच्या एकत्र कुटुंबांत आजोबा, सून, नातवंडें एका छपराखालीं असतात. नातवंडानें यंत्र चालवावें, वडिलांनीं मजकूर पारखावा, अशी वांटणी केली तर संध्याकाळचा एक तास सत्कारणीं लागेल. मात्र मुलांचीं छायाचित्रें, पत्ते वा पूर्ण नांवें अशा ठिकाणीं देऊं नयेत. हें वडीलधाऱ्यांनीं कटाक्षानें पाहावें. आणि मुलांपुढें चुकण्याची लाज धरूं नये. बाईंच्या संगणकावरचें तें फडकें आतां फळा पुसण्याच्या कामीं आलें आहे.