गाईलाही लागतो ‘व्हिसा’!

पासपोर्ट, व्हिसा, मेडिकल... परदेशी शिकायला निघालेल्या पोरापोरींना ही यादी तोंडपाठ असते. पण एखादी गाय किंवा शेळी समुद्रापार पाठवायची असेल तर? तिचीही कागदपत्रं काही कमी नसतात बरं!

जनावर घेणारा देश आधी अटी कळवतो. कोणत्या रोगांची तपासणी, कोणत्या लसी, किती दिवस विलगीकरण. मग जनावर कळपापासून वेगळं ठेवायचं, रक्त तपासायचं, गोचिडांवर औषध द्यायचं. सगळं नीट निघालं, तरच सरकारी पशुवैद्यकाची आरोग्य प्रमाणपत्रावर सही होते. या कामासाठी केंद्र सरकारची ‘क्वारंटाइन’ केंद्रं आहेत. त्यातलं एक आपल्या मुंबईत आहे.

एवढा खटाटोप कशाला? त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात भारतातूनच होते. १९२० मध्ये इथून ब्राझीलला निघालेली वशिंडाची जनावरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली. सोबत बुळकांडीही उतरली! हा रोग म्हणजे गोठेच्या गोठे रिकामे करणारा. बेल्जियममध्ये साथ पसरली, युरोप हादरला. एकट्या देशानं हे थांबणार नाही, हे पटल्यावर २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये २८ देशांनी एकत्र येऊन जागतिक संघटना उभी केली. जनावरांच्या व्यापाराचे आरोग्य-नियम आजही तीच ठरवते.

लसीकरणाच्या जोरावर २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर जगातून हद्दपार झालेला हा दुसराच रोग!

मग आता अडतं कुठं? लाळ्या-खुरकूतपाशी. हा रोग आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे अनेक देश आपली जनावरं घ्यायला तयार नसतात. म्हणूनच २०१९ पासून देशभर मोफत लसीकरण मोहीम सुरू आहे. कानातला तो पिवळा, १२ अंकी बिल्ला पाहिलाय ना? जनावराची ओळख आणि लसीची नोंद त्याच नंबरावर होते.

‘आमच्या गाईला कुठं परदेशी जायचंय?’ असं म्हणून लस टाळणारे गावोगाव भेटतात. पण विषय एका गाईचा नाहीच. प्रमाणपत्रावर जग विश्वास ठेवतं ते मागचे गोठे निरोगी असतील तरच. तेव्हा गावात लसीकरणाचं पथक आलं की मोबाइल बाजूला ठेवा आणि दावं हातात घ्या!