विमानतळावरची रांग आणि खिशातला फोन

गळिताचा हंगाम भरात असताना वालचंदनगर-भवानीनगरच्या बाजूने तुम्ही कधी गेला आहात का? उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांगेने उभ्या असतात, आणि शेवटच्या गाडीवानाला एकच विवंचना असते : आपला नंबर लागणार केव्हा? समजा, रांगेत ६० गाड्या आहेत आणि वजनकाट्यावरून तासाला १२ गाड्या पुढे सरकतात. साठाला बाराने भागा. उत्तर ५ तास. हे उत्तर काढताना एकाही गाडीवानाचे नाव, गाव किंवा चेहरा आपल्याला लागला नाही, एवढे ध्यानात ठेवा.

या हिशेबाला गणितात ‘लिटलचा नियम’ म्हणतात. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. रांगेतील सरासरी माणसे म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. अट एवढीच, की जितके येतात तितकेच सरासरीने पुढे जात असले पाहिजेत.

आता उसाच्या रांगेतून विमानतळावर जाऊ. आपल्या भागाला विमानांचे वावडे नाही. ज्यांच्या नावाने वालचंदनगर ओळखले जाते, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. आज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी निघालेला येथला एखादा दादा नाहीतर ताई पुण्याला लोहगावच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीसाठी उभी असते. तिचा प्रश्न गाडीवानाचाच असतो. विमान मात्र थांबत नाही!

जगातील अनेक मोठ्या विमानतळांवर रांगेचा वेळ यंत्रांनी मोजतात. एक रीत म्हणजे छताला संवेदक बसवून खालून जाणारी डोकी मोजणे. येथे लिटलचा नियम पुरतो. दुसरी रीत अधिक चमत्कारिक आहे. तुमच्या खिशातल्या फोनचे वाय-फाय चालू असले, की तो अधूनमधून ‘ओळखीचे जाळे जवळ आहे का?’ अशी हाक मारतो. त्या हाकेबरोबर एक क्रमांक जातो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. तोच क्रमांक दाराशी १०.०५ ला आणि तपासणीपलीकडे १०.३० ला ऐकू आला, तर रांग २५ मिनिटांची. मात्र त्याच क्रमांकाच्या मागोमाग गेले, तर माणूस पुढे कोणत्या दुकानात रेंगाळला, हेही कळते.

‘आम्ही क्रमांक जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश करतो,’ असे यावर सांगितले जाते. हॅश म्हणजे चरकातून काढलेला रस समजा. रसापासून पुन्हा ऊस बनवता येत नाही. पण एक वाट उरतेच. फडातले प्रत्येक कांडे चरकात घालून कोणाचा रस जुळतो, हे पाहता येते! मॅक पत्त्याचा अर्धा भाग कारखानदाराचा असतो. उरलेल्या २४ बिटांचे प्रकार २²⁴, म्हणजे १,६७,७७,२१६. माणसाला ही संख्या अवाढव्य वाटते; संगणकाला ती किरकोळ आहे. म्हणून हॅश करण्यापूर्वी क्रमांकात एक गुप्त संख्या मिसळतात. तिला गमतीने ‘मीठ’ म्हणतात. हे मीठ वरचेवर बदलून जुने फेकून दिले, तरच काही अर्थ. २०१४ पासून पुष्कळ फोन हाक मारताना खोटा, बदलता क्रमांक देऊ लागले, त्यामुळे ही मोजणी कठीण झाली. पण फुकट वाय-फायसाठी आपण मोबाइल नंबर टाकला, की आपली ओळख आपणच सांगितली.

अशा मोजणीचा उपयोग नाही असे नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१६ साली ५४ स्थानकांवर चार आठवडे हा प्रयोग केला. किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला लोक १८ निरनिराळ्या मार्गांनी जातात, असे दिसले. नुसती डोकी मोजून हे कळले नसते. स्थानकांवर तशा सूचना लावल्या होत्या. ज्याला नको त्याने वाय-फाय बंद ठेवावे.

पुण्याला २०२३ पासून ‘डिजियात्रा’ आहे. तिची गोष्ट वेगळी. तेथे प्रवासी कोण, हेच पाहायचे असते, म्हणून चेहरा लागतो. माहिती प्रवाशाच्या फोनमध्येच राहते आणि विमानतळावरची प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असा तिचा नियम आहे. पण दाराशी ओळख पटवण्यासाठी दिलेला चेहरा रांग मोजायला वापरणे म्हणजे गाडी मोजण्यासाठी गाडीवानाचा सातबारा मागण्यासारखे होईल.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार, सांगितलेल्या कामापुरतीच माहिती संमतीने घ्यायची आहे. तुम्हा विद्यार्थ्यांसाठी त्यात खास कलम आहे : १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, आणि काही अपवाद सोडता मुलांचा माग काढण्यास मनाई आहे.

हा नियम तुम्हाला स्वतः पडताळता येईल. मधल्या सुटीत शाळेच्या पाण्याच्या नळाशी वही घेऊन उभे राहा. दर मिनिटाला रांगेत किती मुले आहेत आणि किती पाणी पिऊन गेली, एवढेच लिहा. नावे लिहू नका. सरासरी संख्येला दर मिनिटाच्या दराने भागा. मग एका मित्राला रांगेच्या शेवटी उभे करून घड्याळ लावा, आणि दोन्ही उत्तरांत किती अंतर पडते ते पाहा.