मज्जारज्जूतला एक मायक्रोव्होल्ट, आणि तो वेदनेचा आहे का?

डायबेटीसचा एखादा पेशंट सांगतो, तळपायांची नुसती आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. डॉक्टर एनसीव्ही टेस्ट लिहून देतात. रिपोर्ट येतो: नॉर्मल. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "रिपोर्टमध्ये तर काहीच नाही."

इथे टेस्ट चुकलेली नसते. एनसीव्ही फक्त जाड चेतातंतूंचा वेग आणि ताकद मोजते, म्हणजे स्पर्श, कंपन वाहून नेणाऱ्या तंतूंची. वेदना आणि तापमान येतात बारीक तंतूंमधून: ए-डेल्टा आणि सी. ते बिघडले तरी एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. मग प्रश्न पडतो, की तंतू जाड असो वा बारीक, सगळ्यांच्या शाखा जिथे पोहोचतात त्या मज्जारज्जूच्या मागच्या भागात, म्हणजे डॉर्सल हॉर्नमध्येच, कान लावला तर?

कल्पना नवी नाही. गॅसर आणि ग्रॅहॅम यांनी १९३३ मध्येच प्राण्यांच्या मज्जारज्जूवरून असे विद्युत संकेत नोंदवले होते. माणसात मात्र आपण पाठीचा कणा उघडून बसू शकत नाही. म्हणून मनगटाजवळ मीडियन नर्व्हला विजेचा हलका झटका द्यायचा आणि मानेच्या मागे त्वचेवर इलेक्ट्रोड लावायचा. साधारण १३ मिलिसेकंदांनी एक छोटा उंचवटा दिसतो. त्याचं नावच एन१३.

छोटा म्हणजे किती? एक-दोन मायक्रोव्होल्ट. छातीवरचा ईसीजी साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे शेकडो पटींनी मोठा. त्यात मानेचे स्नायू आपले वेगळे कुरकुरत असतात. उपाय एकच: पुन्हा पुन्हा झटके द्या आणि सरासरी काढा. नॉइज झटक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. समजा नॉइज २० मायक्रोव्होल्ट आहे. ४०० झटक्यांनंतर तो १ वर येईल. अर्ध्यावर आणायचा तर ८०० पुरत नाहीत, १६०० लागतात.

इथे माझी फजिती सांगते. सुरुवातीला मी सेकंदाला बरोबर ५ झटके देत होते. सरासरी काढली तर काय सुंदर लाटा! दोन दिवस हवेत होते. सीनियरने एवढंच सांगितलं, "झटका बंद ठेवून रेकॉर्ड करून बघ." लाटा तशाच! मेनची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दोन झटक्यांमधल्या २०० मिलिसेकंदांत तिची बरोबर १० आवर्तनं होतात. त्यामुळे ती सरासरीत विरत नाही, उलट ठसठशीत होते. आता मी ४.७ चा दर ठेवते, आणि झटका बंद ठेवून एक रेकॉर्डिंग दर वेळी घेतेच.

पण खरी अडचण यापुढची आहे. एन१३ उठतो जाड तंतूंमुळे. म्हणजे इतका खटाटोप करून आपण पुन्हा स्पर्शाच्याच रस्त्यावर येऊन उभे!

बारीक तंतू का दिसत नाहीत, याचं गणित करून बघा. पायापासून मज्जारज्जूपर्यंत अंतर १ मीटर धरा. जाड तंतू सेकंदाला ५० मीटर वेगाने २० मिलिसेकंदांत पोहोचतात. थोडेफार मागेपुढे झाले तरी सगळे जवळजवळ एकदम येतात, म्हणून टोकदार शिखर मिळतं. सी तंतूंचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास. एकाचा ०.८, दुसऱ्याचा १.२ असेल, तर पहिला १.२५ सेकंदांनी पोहोचतो आणि दुसरा ०.८३ सेकंदांनी. चारशे मिलिसेकंदांत पांगलेल्या या गर्दीचं शिखर होतच नाही, सपाट धूसर फुगवटा होतो.

म्हणून लोक आडवाटेने जातात. रोममधल्या एका गटाने २०२१ मध्ये निरोगी लोकांच्या त्वचेवर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, लावून मज्जारज्जू मुद्दाम संवेदनशील केला, आणि एन१३ वाढलेला दिसला. म्हणजे संकेत स्पर्शाचा, पण तो ज्या पेशींवर उतरतो त्या उत्तेजित झाल्यात का, हे त्यावरून कळू शकतं. मला हे फार हुशारीचं वाटतं. मात्र ही निरोगी माणसांत तात्पुरती घडवलेली अवस्था आहे. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या एका पेशंटचं निदान त्यावरून करणं अजून लांब आहे.

दुसरी वाट कण्याच्या आतून जाते. वेदनाशमनासाठी ज्यांच्या कण्यात स्टिम्युलेटर बसवलेला असतो, त्यांच्यात त्याच इलेक्ट्रोडनी मज्जारज्जूचा प्रतिसाद मोजता येतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्कर, कझिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दाखवलं. आता असे स्टिम्युलेटर पेशंट खोकला किंवा वाकला तरी प्रतिसाद पाहून डोस आपोआप बदलतात. पण इथेही मोजतो आपण जाड तंतूच. डोस ठरवायला उत्तम, पण दुखतंय की नाही याचा पुरावा म्हणून ही नोंद चालणार नाही. एखाद्या प्रेझेंटेशनमध्ये या दोन गोष्टींची गल्लत दिसली, तर हात वर करून विचाराच.

तिसरी वाट लेझरची. त्याच्या उष्णतेने बारीक तंतू थेट जागे करता येतात. पण त्वचेवर उष्णतेचे १६०० ठोके देता येत नाहीत. भाजेल, आणि समोरचा माणूस उठून जाईल. समजा ३६ दिले. २० भागिले ६, म्हणजे नॉइज ३ मायक्रोव्होल्टच्या वर अडकला. आणि शोधायचा फुगवटा बहुधा त्याहून लहान. एका इलेक्ट्रोडऐवजी पाठीवर अनेक इलेक्ट्रोड लावून हा आकडा किती खाली येतो, सध्या मी तेच बघतेय.