मिक्सर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

पूर्वी घरातला पाटा गुळगुळीत झाला म्हणून कोणी तो उकिरड्यावर नेऊन टाकीत नसे. दारावरून पाथरवट हाक देत जाई, त्याला थांबवून पाट्याला टाकी लावून घेतली की पाटा पुन्हा कामाला तयार. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली तर कल्हईवाल्याकडे जायचे. पण तेच पातेले बुडाशी चिरले की मात्र मोडीत घालायचे. झीज कोणती आणि मोड कोणती, हा भेद आपल्या आजीला कोणी शिकवावा लागत नव्हता.

आज पाट्याच्या जागी मिक्सर आला आहे. तो बंद पडला की आपण गोंधळतो. कोणी म्हणतो, "जुना झालाय, टाका आणि नवा आणा." कोणी म्हणतो, "अहो, दोन पैशांत होईल, कशाला नवा?" दोघांचेही कधी खरे असते, कधी खोटे. खरे-खोटे ओळखायचे कसे, एवढेच आज पाहू.

आधी यंत्राच्या पोटात काय असते ते समजून घ्या. मिक्सरमध्ये एक छोटी पण फार चपळ मोटर असते. भांडे रिकामे असता ती मिनिटाला अठरा ते वीस हजार फेरे घेते. तिच्या मधल्या फिरणाऱ्या भागाला आर्मेचर म्हणतात, आणि बाजूला स्थिर असते ती फिल्डची कॉइल. फिरत्या भागाला वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन लहान तुकडे त्याला दोन बाजूंनी घासत राहतात. पाटीवर पेन्सिल झिजावी तसे हे कार्बन झिजतात. झिजणे हेच त्यांचे काम आहे. मोटरच्या डोक्यावर दातेरी चकती असते, तिला कपलर म्हणतात. ती रबराची किंवा प्लॅस्टिकची का करतात? भांड्यात काही अडकले तर आधी चकती तुटावी आणि मोटर वाचावी, म्हणून. भांड्याच्या बुडाशी पात्याचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो तो बुश, झाकणाची रबरी रिंग, वायर, बटण, हे सारे याच जातीचे. यांना आपण 'झिजायचे भाग' म्हणू.

आर्मेचर आणि फिल्डची कॉइल हा मात्र यंत्राचा जीव. झिजायचा भाग गेला तर दुरुस्ती करावी. जीव गेला तर हिशेब करावा. या बोलण्याचे सार इतकेच.

आता बिघाड ओळखू या. मिक्सर चालेना, तर प्रथम त्याच प्लगमध्ये दुसरे काही लावून पाहा. पुष्कळदा दोष मिक्सरचा नसून प्लगचाच असतो. मग पिन काढून ठेवा. बहुतेक मिक्सरच्या खालच्या बाजूला एक लाल बटण असते. ताण फार झाला की ते आपोआप सुटून वीज तोडते. दहा-पंधरा मिनिटे मोटर निवू द्या, ते बटण दाबा आणि पुन्हा चालवून पाहा. एवढ्या एका माहितीअभावी चांगले मिक्सर दुकानात जातात.

मोटर नुसती घूं घूं करते, पण फिरत नाही? ताबडतोब बंद करा, पिन काढा. भांडे उतरवून पाते लाकडी चमच्याच्या दांड्याने फिरवून पाहा. वाळलेली चटणी बुशमध्ये बसून पाते जाम झालेले असेल. मोटरवरची चकती हाताने फिरवा. ती मोकळी फिरली पाहिजे, डुगडुगता कामा नये. मोटरचा आवाज येतो पण पाते फिरत नाही, तर चकतीचे दाते गेले असे समजा. मिक्सर हलवला की सुरू होतो आणि मध्येच थांबतो, आत ठिणग्या जास्त दिसतात, तर बहुधा कार्बन झिजले. थोड्या निळसर ठिणग्या नेहमीच दिसतात, त्यांना भिऊ नका. कार्बन बदलताना दोन्ही एकदम बदलावेत. भांड्याखालून पाणी गळते, किंवा चटणीत काळसर तेलकट अंश दिसतो, तर बुश गेला. इथे मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' असे म्हणू नये. ते काळे पोटात जाते, आणि गळणारे पाणी मोटरमध्ये उतरून तिचाही नाश करते.

नव्या मिक्सरला पहिल्या काही वेळी जरासा वार्निशचा वास येतो, तो पुढे जातो. पण जुन्या मिक्सरमधून जळका वास आला, धूर निघाला, आत गोल आगीचे कडे फिरताना दिसले, तर जीवाशी गाठ आहे. कॉइल जळली असेल, किंवा आर्मेचर गेले असेल.

आता हिशेब. शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात फळ्यावर जरूर घालावे. आकडे मी समजुतीपुरते घेतो. तुम्ही आपल्या बाजारचे घ्या. समजा, नवा मिक्सर ३,६०० रुपयांना मिळतो आणि ९ वर्षे चालेल असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला ४०० रुपये पडले. जुन्याच्या दुरुस्तीला ६०० रुपये लागतात आणि तो आणखी ३ वर्षे चालेल, तर वर्षाला २०० पडले. खुशाल दुरुस्त करा. पण आर्मेचर बदलायला १,५०० रुपये पडतात आणि बाकी यंत्र थकल्यामुळे तो दोनच वर्षे चालेल असे वाटते, तर वर्षाला ७५० झाले. याला म्हणतात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ढोबळ नियम असा, की यंत्राचे अर्धे आयुष्य सरले असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक येत असेल, तर नवा घ्यावा. तीनच वर्षांच्या चांगल्या मिक्सरचे आर्मेचर गेले, तर मात्र ते बदलणे परवडू शकते.

"नवा घ्या, वीज वाचेल," असेही दुकानदार सांगतो. तेही मोजून पाहू. ७५० वॅटचा मिक्सर रोज १५ मिनिटे चालला तर महिन्याला साडेपाच युनिटांच्या आसपास वीज खातो. यातून वाचणार ती किती? उलट ७५ वॅटचा जुना छताचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिटे जातात; ३० वॅटचा नव्या पद्धतीचा पंखा तेच काम सुमारे ११ युनिटांत करतो. म्हणून चालू पंखा बदलणेही कधी फायद्याचे ठरते. मिक्सर मात्र विजेसाठी बदलू नये. जे यंत्र फार वेळ चालते त्याची वीज पाहावी, जे थोडा वेळ चालते त्याची किंमत पाहावी.

एका बाबतीत हिशेब बाजूला ठेवायचा. मिक्सरला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तो त्या क्षणी बंद. वायर खरवडली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, वायर बदला. तीन पिनांची पिन काढून दोन पिनांची बसवू नका; ती तिसरी पिन अर्थिंगची, म्हणजे जीव राखणारी आहे. दुरुस्तीनंतरही झटका बसत असेल, तर यंत्र कितीही नवे असो, ते घरात नको. पैसा पुन्हा मिळतो.

दुरुस्तीची वेळ लांबवणे मात्र आपल्या हातात आहे. आपले दळण-वाटण कठीण. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर बिघडला आणि इथे तो दुरुस्त होईना, तेव्हा पत्नी माधुरी यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल अशी दणकट मोटर तयार केली, आणि १९६३ साली 'सुमीत' मिक्सर निघाला, असे सांगतात. पण दणकट झाली तरी मोटरीला दम लागतोच. किती मिनिटे चालवावा आणि किती विसावा द्यावा, हे यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेले असते; ते वाचा. भांडे काठोकाठ भरू नका. हळकुंडे आधी खलबत्त्यात फोडून घ्या. दिवे मंद झाले असतील, म्हणजे विजेचा दाब कमी असेल, तेव्हा जड वाटण घालू नका. मोटर अडखळते आणि तापते. काम झाल्यावर भांड्यात थोडे पाणी घालून क्षणभर फिरवा, म्हणजे बुशमध्ये काही वाळून बसत नाही. मोटरचा भाग नळाखाली कधीच धरू नका. पिन काढून ओल्या फडक्याने पुसा.

नवा घेताना आय. एस. ४२५० या मानकाची आय.एस.आय. खूण पाहा. कपलर, कार्बन, बुश आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. जिथे सुटे भाग मिळत नाहीत ते यंत्र स्वस्त असले तरी महागच. पावती आणि वॉरंटीचे कार्ड डब्यात जपून ठेवा; वॉरंटीत असताना बाहेर उघडू नका. दुरुस्तीवाल्याला आधी खर्च विचारा आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. "दादा, जुने कार्बन दाखवा की," एवढे म्हणायला संकोच कसला? फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक १९१५ आहे.

आणि शेवटी मोडीत घालायची वेळ आलीच, तर आतल्या तांब्यासाठी तारा जाळू नका; तो धूर विषारी असतो. भांडी, झाकणे, चांगले सुटे भाग काढून ठेवा. ते दुसऱ्या कोणाचा मिक्सर जगवतील. उरलेला सांगाडा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

तेव्हा मिक्सर थांबला की घाईने बाजार गाठू नका. आधी पिन काढा, मग लाल बटण, मग पाते, मग चकती आणि कार्बन, आणि शेवटी वर्षाचा हिशेब. या क्रमाने गेलात तर दुरुस्ती असो की नवी खरेदी, पैसा वाया गेला असे म्हणण्याची पाळी येणार नाही.