लेकराचे पाय रात्रीच का दुखतात?

रात्री दहाचा सुमार. सोनपेठची आमची गल्ली निजानीज झालेली असते आणि एखाद्या घरातून लेकराचे रडणे ऐकू येते. "माय, पिंढऱ्या लई दुखायल्यात." माय दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली, बाप हमाली करून पडलेला. लेकरू तर दिवस मावळेपर्यंत गल्लीभर उड्या मारत होते! मग कोणी म्हणते ढोंग आहे, कोणी म्हणते नजर लागली.

आमच्याही घरी हे झाले आहे. थोरली सहा वर्षांची असताना आठवड्यातून दोनतीनदा रडत उठायची. सकाळी मात्र टुणटुणीत. शाळा बुडवायचे सोंग समजून आम्ही तिला रागावलो, एकदा हातही उगारला. पुढे एका डॉक्टरांनी तिला नीट तपासून सांगितले की दुखणे खरे आहे, पोरगी खोटे बोलत नाही. आमची मान खाली गेली.

या दुखण्याला डॉक्टर मंडळी वाढीचे दुखणे म्हणतात. 1823 साली फ्रान्समध्ये त्याची प्रथम नोंद झाली. गंमत अशी की नावात वाढ असली तरी हाडे वाढल्याने पाय दुखतात असे काही सिद्ध झालेले नाही. मूल सर्वात झपाट्याने वाढते ते पहिल्या वर्षी आणि वयात येताना. हे दुखणे मात्र साधारण तीन ते बारा वर्षांच्या लेकरांत दिसते. ज्या दिवशी धावपळ जास्त, त्या रात्री ते पुष्कळदा उद्भवते. दोन्ही पाय दुखतात. मांड्या, पोटऱ्या आणि गुडघ्यामागची लवण दुखते, सांधे नव्हे. सूज नाही, ताप नाही, आणि सकाळी काही झालेच नव्हते असे लेकरू पळत सुटते.

यावर घरात करायचे ते साधे आहे. आपल्या परभणी भागात करडईचे तेल घरोघरी असते. ते कोमट करून खालून वर हलक्या हाताने चोळावे. तेल नसेल तर नुसते हात फिरवले तरी चालते. फडक्याची घडी तव्यावर गरम करून शेक द्यावा, पण आधी ती आपल्या मनगटाला लावून पाहावी, लेकराची कातडी कोवळी असते. दुसरा उपाय ताण देण्याचा. लेकराला सतरंजीवर उताणे निजवून सरळ पाय हळूहळू वर उचलावा, मग पंजा त्याच्या गुडघ्याकडे दाबावा. नंतर पालथे निजवून टाच ढुंगणाकडे न्यावी. प्रत्येक वेळी सावकाश दहा आकडे मोजावेत, आणि दुखेल इतके ओढू नये. कॅनडातील डॉक्टरांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सकाळ-संध्याकाळ असा ताण दिलेल्या मुलांचे दुखणे इतरांपेक्षा लवकर थांबले होते. याला पैसा लागत नाही, मायबापाची दहा मिनिटे लागतात. बापानेही चोळावे, ते काही एकट्या मायचे काम नव्हे.

बिब्बा घालणे आणि डागणे मात्र आपल्या घरातून हद्दपार झालेच पाहिजे. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि मूळ दुखणे तसेच राहते.

फारच दुखले तर पॅरासिटामॉल चालते, पण वजनाच्या हिशेबाने. एका वेळी एका किलोला फार तर 15 मिलिग्रॅम. म्हणजे 15 किलोच्या लेकराला पाचशेच्या गोळीची अर्धीसुद्धा जास्तच होते! म्हणून आरोग्यसेविकेला विचारून लहान मुलांचे पातळ औषधच घ्यावे. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. निमसुलाइड तर बारा वर्षांखालील मुलांना देण्यास सरकारने 2011 सालीच बंदी केली आहे. दुकानदाराने पुडीत बांधून दिलेली गोळी कोणती, हे विचारायला लाजू नये.

आता खरी काळजीची गोष्ट. वाढीच्या दुखण्यातले लेकरू पाय पुढे करून म्हणते, चोळ. ज्याला हात लावू दिला जात नाही, रोज एकच पाय दुखतो, सांधा सुजतो, सकाळीही लंगडत चालावे लागते, ताप येतो, वजन घटते, रंग फिका पडतो किंवा अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठतात, ते वाढीचे दुखणे नव्हे. त्यामागे हाडातला जंतुसंसर्ग, हाडाचा क्षय, संधिवात, क्वचित रक्ताचा कर्करोगही असू शकतो. अशा वेळी तेल बाजूला ठेवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणखी एक आजार आपल्या समाजाने नावानिशी ओळखायला हवा, तो म्हणजे सिकलसेल. विदर्भात तो आदिवासी बांधवांबरोबरच आपल्या बौद्ध समाजातही बराच आढळतो, आणि आपल्या सोयरिकी तिकडे असतातच. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय असह्य ठणकतात. डोळे पिवळसर होतात, लेकरू फिके पडते, वरचेवर आजारी पडते. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. असे काही दिसले, किंवा घरात, नात्यात कोणाला हा आजार असला, तर तपासणी करून घ्यावी. मायबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक धोका असतो. वाहक स्वतः बहुधा धडधाकट दिसतो, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनासाठी 2023 साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सरकारी दवाखान्यात जाऊन स्पष्ट शब्दांत म्हणावे, "सिकलसेलची तपासणी करायची आहे."

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे काम दिवाळीआधीच, कोयता उचलण्यापूर्वी उरकावे. एकदा टोळी निघाली की फडावर दवाखाना लांब असतो आणि खाडा पडला की मजुरी कापली जाते. तपासणीचा कागद लेकराच्या लसीच्या कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सोबत न्यावा, कोपीत ओल फार असते.